हिमोढावरची शिदोरी



हिमनदी ही नावाप्रमाणेच वाहणारी असते. मात्र तिची गती इतकी संथ असते की, ती डोळ्यांना जाणवत नाही. वाहताना ती डोंगरांचे खडक खरवडते, दगडगोटे बरोबर नेते आणि बर्फ वितळला की ते ओझे तेथेच टाकते. अशा दगडांच्या रांगेस भूगोलात ‘हिमोढ’ म्हणतात. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राकाठी, टेरा नोव्हा उपसागरात इनएक्सप्रेसिबल नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाशी असलेल्या हिमोढास संशोधकांनी ‘हेल्स गेट’, म्हणजे नरकद्वार, हे नाव दिले. ते का, हे त्याचा इतिहासच सांगतो.

८ जानेवारी १९१२ रोजी कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील सहा जण या किनाऱ्यावर उतरले. व्हिक्टर कॅम्बेल त्यांचे नेते होते, तर रेमंड प्रीस्टली भूवैज्ञानिक. भूपृष्ठाच्या पाहणीचे काम सुमारे सहा आठवड्यांचे होते आणि अन्नही त्याच हिशेबाने घेतलेले. परंतु समुद्रातील बर्फामुळे त्यांना न्यावयास निघालेले जहाज किनारा गाठू शकले नाही. हिवाळा तोंडावर आला. वाऱ्यापुढे तंबूंचा निभाव लागेना, तेव्हा मार्चमध्ये त्यांनी बर्फात सुमारे १२ फूट लांब व ९ फूट रुंद अशी गुहा खोदली. सील व पेंग्विन यांचे मांस हे अन्न, चरबी हेच इंधन आणि तिच्या धुराने काळवंडलेल्या त्या गुहेतच सहा महिन्यांहून अधिक काळ मुक्काम! ३० सप्टेंबर रोजी ते बाहेर पडले आणि ७ नोव्हेंबरला सहाही जण केप एव्हान्सच्या तळावर जिवंत पोहोचले. स्कॉट व त्यांचे चार सोबती मात्र ध्रुवाहून परतले नव्हते.

मोहीम आटोपून मायदेशी निघालेले जहाज २५ जानेवारी १९१३ रोजी याच किनाऱ्याशी थांबले. प्रीस्टली यांनी मागे ठेवलेले खडकांचे नमुने घ्यावयाचे होते. त्याच वेळी हेल्स गेट हिमोढावर अन्न व साहित्याने भरलेली एक घसरगाडी ठेवण्यात आली. ती होती पुढे कधीतरी येथे अडकणाऱ्या अनोळखी माणसांसाठी.

जीर्ण झालेली ती घसरगाडी जतनासाठी १९९४ मध्ये हलविण्यात आली. ती जागा अंटार्क्टिक करारानुसार ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षित आहे. २०२४ मध्ये याच बेटावर चीनचे संशोधन केंद्र सुरू झाले. नव्या भूमीचे नकाशे काढणे हे संशोधन खरेच. परंतु आपल्यामागून येणाऱ्याच्या भुकेची तरतूद करणे, हाही त्याचाच एक भाग आहे. तो दगडांचा बांध आपणांस हेच सांगतो.