कारंज्याचे कष्टकरी आणि आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर बोलायला सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितले. ठराव, वर्गणी, बोअरवेल, कंपाउंड या सगळ्यांचा अहवाल या स्मरणिकेत छापलेलाच आहे, तो मी पुन्हा वाचत नाही. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. त्या काळात काउंटरच्या पलीकडून हे गाव जसे दिसले, तसे सांगतो. शेवटी एक छोटासा प्रस्तावही मांडणार आहे, म्हणून मंडळी, जेवणाची घाई करू नका.

आपले कारंजा म्हटले की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, नृसिंह सरस्वती महाराजांचे जन्मस्थान. दुसरी, कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका. उत्तरेकडून कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला कुठेच गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा इथल्या सावकाराने सगळीच्या सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकामाच्या गाऱ्यात कालवायला लावली, असे सांगतात. गोष्ट छान आहे. सावकार किती दिलदार होता ते आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण तो गारा कोणी तुडवला, भिंत कोणी रचली, त्याची आठवण गोष्टीत कुठेच नाही. आज मला बोलायचे आहे ते त्या गारा तुडवणाऱ्यांबद्दल.

हे गाव कापसावर वाढले. मुर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन, म्हणजे आपली शकुंतला, इंग्रजांच्या काळात टाकली गेली ती वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे आणि पुढे विलायतेला न्यायला. कापूस मँचेस्टरला गेला आणि १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेले वाफेचे इंजिन आपल्याकडे आले. त्या इंजिनाने सत्तर वर्षे गाडी ओढली. एप्रिल १९९४ मध्ये ते थांबले आणि डिझेल इंजिन लागले. आता तर गाडीच बंद आहे. पण त्या गाडीवर किती पोटे होती! गाठी चढवणारे हमाल, फाटक उघडणारे, डब्यात पेरू आणि फुटाणे विकणाऱ्या बाया. यातल्या कोणाचेच नाव स्टेशनच्या पाटीवर नव्हते.

दसऱ्यापासून होळीपर्यंत गावात जीन चालायचे. आजच्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. शेतातून आलेल्या एक क्विंटल कापसातून रेच्यावर साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी राहते ती सरकी. सरकीचे तेल निघते, ढेप ढोरांना जाते. रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ बांधतात. म्हणजे एका गाठीमागे पाच क्विंटल कापूस झाला. आणि हा पाच क्विंटल कापूस बायांनी बोंडाबोंडातून दोन बोटांनी वेचलेला असतो. वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर. कापसाचे वजन किती हलके असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. ओटी भरता भरता सूर्य डोक्यावर येतो.

रेच्यावर कापूस टाकणाऱ्या बाया संध्याकाळी बाहेर पडत तेव्हा केस, भुवया, पापण्या, सगळे पांढरे. वीस वर्षांची पोरगी सत्तरची दिसे. हसण्यावारी नेत, पण तीच बारीक रुई छातीत जाई आणि चाळिशीत खोकला सुरू होई. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. तेव्हा खरेदी केंद्रासमोर बैलबंड्यांच्या रांगा लागत. शेतकरी दोन-दोन रात्री बंडीखाली झोपे. त्या रांगेवर चहावाला जगे, भजेवाला जगे, बैलांना नाल मारणाराही जगे. पुढे ती योजना गेली, सोयाबीन आले, बंडीच्या जागी ट्रॅक्टर आणि पिकअप आल्या. आता हार्वेस्टर, थ्रेशर. धंदे बदलले, माणसे तीच. जिनातला मजूर बाजार समितीत हमाल झाला, त्याचा पोरगा मिस्त्रीच्या हाताखाली गेला, नातू आज समृद्धी महामार्गाच्या आसपास गाडीचे पंक्चर काढतो आहे.

बँकेकडे वळतो. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदाही झाला. तोवर बँक म्हणजे जीनवाल्या शेठजींची आणि अडत्यांची. आमच्या काळात पहिल्यांदा हमाल, शिंपी, चांभार बँकेची पायरी चढू लागले. चप्पल बाहेर काढून आत येत. "काढू नका भाऊ, आत या," असे रोज सांगावे लागे. चार टक्के व्याजाची एक योजना १९७२ पासून होती. तीत हातगाडी, शिलाई मशीन, चांभाराची अवजारे यांना कर्ज देत असू. वसुलीसाठी मी तालुकाभर सायकलीने आणि नंतर लुनाने फिरलो, त्यामुळे अनुभवाने बोलतो. या लोकांचे हप्ते दोन-पाच रुपयांचे असत, पण येत. एक हातगाडीवाला बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कनवटीला बांधलेली चिल्लर घेऊन येई. म्हणे, "साहेब, मोजून घ्या, घरी गेली की राहत नाही." मोठ्या खातेदारांच्या दारात मात्र आम्हाला चार-चार चकरा माराव्या लागत.

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा वाशिम जिल्हा नवा नवा होता. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि दोन-तीन वर्षांत आपण इथे पाया खोदला. आपण सगळे नोकरदार. मास्तर, तलाठी, कंपाउंडर, एस.टी.चे, बँकेचे. कर्ज काढून घरे बांधली, त्याचा अभिमान आहेच. पण विटा भट्टीवर कोणी थापल्या? उन्हाळ्यात स्लॅब पडला त्या दिवशी डोक्यावर घमेली घेऊन शिडीवर साखळी करून उभ्या राहिलेल्या बाया तुम्हाला आठवतात का? त्यांतल्या एकीचे तान्हे लेकरू समोरच्या लिंबाला साडीच्या झोळीत झोपलेले होते. वास्तुशांतीला मिस्त्रीला टोपी-उपरणे मिळाले. त्या बायांना काही मिळाल्याचे मला आठवत नाही.

आता मुद्द्यावर येतो. निवृत्तीनंतर मी लोकांचे बँकेचे कागद भरून देतो, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली. नवरा हमाल, ट्रकवरून पोते उतरवताना पडला आणि गेला. त्याने सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरलेला होता. वर्षाला फक्त वीस रुपये, आणि अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख. बाई पासबुक घेऊन आली होती. मी पाने उलटली. हा हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो. त्या दिवशी त्याच्या खात्यात अकरा रुपये होते. नऊ रुपये कमी पडले, हप्ता गेला नाही, विमा चालू राहिला नाही. बँकेने नियमाने केले, त्यात कोणाचा दोष काढता येत नाही. पण त्या बाईला हे समजावून सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. ती एवढेच म्हणाली, "साहेब, नऊ रुपये तर मी डब्यातून दिले असते."

मंडळी, आपल्या सोसायटीत रोज पाच माणसे राबतात. रात्रीचे चौकीदारभाऊ, झाडणाऱ्या दोघी मावशी, पाणी सोडणारा आणि टाक्या धुणारा, घंटागाडीपर्यंत कचरा नेणारा. टाकीची शिडी किती डळमळीत आहे ते आपण बघतोच. यातल्या कोणाला काही झाले तर आपण काय करणार? वर्गणी काढू, शंभर-दोनशे देऊ, हळहळू.

माझा प्रस्ताव साधा आहे. पाचही जणांचा सुरक्षा विम्याचा हप्ता सोसायटीने भरावा. वीस पाचे शंभर रुपये. तिघांचे वय पन्नाशीच्या आत आहे, त्यांना जीवन ज्योती विमाही मिळतो. त्यात मृत्यू कशानेही झाला तरी दोन लाख. त्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, म्हणजे तिघांचे १३०८. एकूण १४०८ रुपये. आपली घरे साठ. घरटी चोवीस रुपयेही होत नाहीत. दुसरे, त्यांचा पगार दरमहा पाच तारखेच्या आत खात्यात जमा व्हावा आणि मे महिन्यात त्या खात्यात शिल्लक आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कार्यकारिणीतल्या एकाने नावानिशी घ्यावी. तिसरे, टाकीला पक्की लोखंडी शिडी बसवावी. रंगरंगोटी पुढच्या वर्षी झाली तरी चालेल.

कोणी म्हणेल, "काका, ही काय सोसायटीची कामे आहेत?" सहकार या शब्दाचा अर्थ मी बँकेत शिकलो नाही, इथे शिकलो. पहिल्या उन्हाळ्यात बोअर आटली तेव्हा एका टँकरचे पाणी साठ घरांनी बादल्या मोजून वाटून घेतले होते. तेव्हा कोणी नियम विचारला नव्हता. ती बादल्यांची रांग लावणारे चौकीदारभाऊच होते. त्यांना तेव्हा आपण आपले मानले, मग आताही मानू या.

येत्या वार्षिक सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे. फॉर्म मी भरून देईन, बँकेच्या चकराही मारीन. माझे गुडघे दुखतात, पण तेवढे अजून जमते.

आणि आज पंगतीत त्या पाचही जणांना वाढायला नाही, तर आपल्यासोबत जेवायला बसवावे. वाढायला आपली पोट्टी आहेतच की!