कामगाराचे आजारपण आणि मालकाचे औदार्य
(उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भगवान बुद्धांनी राजगृही सिगाल नावाच्या गृहपतिपुत्रास उपदेश केला. त्यात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. सेवकास शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे व वेळेवर सुट्टी द्यावी. तेव्हा आजारी सेवकाची शुश्रूषा हा मालकाचा उपकार नव्हे, ते त्याचे कर्तव्य होय.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात कँटन नावाचे गाव आहे. ब्लू रिज या कागद कंपनीच्या तेथील एका कामगारास पित्ताशय व खांदा यांच्या शस्त्रक्रियेसाठी दिल्लीस पाठविण्याचे २००६ साली ठरले. अमेरिकेच्या मानाने दिल्लीचा खर्च फारच थोडा. वाचलेल्या पैशांतून कामगारासही वाटा मिळावयाचा होता. तो स्वखुशीने निघाला होता. परंतु युनायटेड स्टीलवर्कर्स या संघटनेने हरकत घेतली. तिचे अध्यक्ष लिओ जेरार्ड यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समित्यांना पत्रे लिहिली आणि तो बेत रद्द झाला.

कामगार राजी असता संघटनेने आड का यावे, असे आपण विचाराल. दिल्लीचे डॉक्टर हलके, असे कोणी म्हणत असेल, तर त्या तुच्छतेस आपण मान डोलावता कामा नये. तुच्छता म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. प्रश्न हक्काचा आहे. परमुलखात शस्त्रक्रिया बिघडली, तर दाद कोठे मागावी? आज जे ऐच्छिक आहे, ते उद्या सक्तीचे झाले तर? गरजवंतास अक्कल नसते, अशी म्हण आहे. मी म्हणतो, गरजवंतास पर्याय नसतो. म्हणून पैसे दाखवून घेतलेली त्याची संमती पूर्णपणे स्वतंत्र नसते.

मात्र जी संघटना एक वाट अडविते, तिने दुसरी वाट मिळवून दिलीच पाहिजे. दुखणे कामगाराच्या देहात असते, संघटनेच्या ठरावात नसते.

आता त्याच दिल्लीकडे पाहा. सवलतीने सरकारी जमीन घेतलेल्या खाजगी रुग्णालयांनी दहा टक्के खाटा गरिबांस मोफत द्याव्यात, हे उच्च न्यायालयास २००७ साली बजवावे लागले. सातासमुद्रापलीकडील रुग्णास जे दार उघडे होते, ते शेजारच्या गरिबास न्यायालयाकडून उघडून घ्यावे लागले!

पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार केली. तिच्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीवर उभा राहिलेला औषधोपचार हा मालकाच्या मर्जीचा विषय उरत नाही, तो हक्क होतो.

म्हणून संघटनेत जा. पण डोळे उघडे ठेवून जा. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात मज्जाव होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि तो मागण्यांत घेणे त्यांस भाग पाडले. सहीसाठी कागद पुढे आला, तर तो आधी वाचा, संघटनेस दाखवा, मग सही करा.

अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्यास स्वतः न्हाऊ घातले आणि संघास परस्परांची शुश्रूषा करण्याची आज्ञा दिली. आपली संघटनाही अशीच असावी.

जय भीम!