परिचर्या ही शिकावयाची विद्या



मठाच्या या वर्धापनप्रसंगी सेवेविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. बाराव्या शतकात शरणांनी ज्या कल्याणात कायक आणि दासोह यांना धर्माचे स्थान दिले, ते कल्याण आपल्याच बिदर जिल्ह्यात आहे. तेव्हा सेवेची थोरवी मी आपणांस सांगावी, असा माझा अधिकार नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, सेवेची इच्छा असणे आणि सेवा करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हे मी अनुभवाने बोलतो. 1987 साली आमच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. घरात माणसांना तोटा नव्हता आणि मायेलाही नव्हता. तरी तीन आठवड्यांच्या आत त्यांच्या माकडहाडावरील कातडी लाल झाली. उष्णतेने झाले असेल, असे समजून आम्ही तेथे तेल लावून खसाखसा चोळू लागलो. कोणी सांगितले म्हणून खाली रबराची हवेची कडी ठेवली. दोन्ही उपायांनी अपाय वाढला आणि जखम उघडी पडली. उठविताना आम्ही त्यांचा लुळा हात धरून ओढीत असू; खांदा दुखावला. निजवूनच पेज पाजीत असू आणि ठसका लागला की, कोणीतरी आठवण काढली, असे म्हणत असू. ती पेज श्वासनलिकेत जात होती, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

पुढे नात्यातील एक निवृत्त परिचारिका भेटीस आल्या. त्यांनी पदर खोचला आणि तासाभरात आम्हांस जे शिकविले, ते आजही मला तोंडपाठ आहे. दर दोन तासांनी कूस बदलावयाची. टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवावयाच्या. लाल झालेली जागा चोळावयाची नाही. भरविताना रोग्यास ताठ बसवून हनुवटी किंचित खाली ठेवावयाची, घास लहान द्यावयाचा आणि जेवणानंतर अर्धा तास त्यास आडवे होऊ द्यावयाचे नाही. सरकविताना हाताला न ओढता अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचलावयाचे. आपण कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावयाचे. हे शेवटचे सूत्र माझ्या पत्नीस फार उशिरा मिळाले; तिची कंबर तोवर धरली होती, ती कायमचीच. वडील त्यानंतर चौदा महिने जगले. त्यांतील सात महिने ती एक जखम भरून येण्यात गेले.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार. उपचारांचे ज्ञान पहिले, दक्षता दुसरी, रोग्याविषयीचा अनुराग तिसरा आणि शुचिता चौथी. हा क्रम छंदाच्या सोयीसाठी लावलेला असू शकेल. परंतु आमच्या घरी अनुराग होता, ज्ञान नव्हते, म्हणून मला तो क्रम विसरता येत नाही.

हे ज्ञान सर्वसामान्य स्त्रियांस देण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांनी केला. 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि पुढे तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. परक्या रोग्यास स्पर्श करणे, त्याचे मलमूत्र काढणे, हे त्या काळी हीन काम मानले जाई. आज आपण ते तसे मानीत नाही, असे मी म्हणू धजत नाही. रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या मुलीला आपण घरी ठेवतो खरे, पण तिचा चहाचा पेला निराळा ठेवणारी घरे मी पाहिली आहेत.

आपल्या औरादची तरुण मंडळी हैदराबादेस, पुण्यास कामाला जातात. वृद्ध आईबाप मागे राहतात. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतून रुग्णालयातील ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ आणि घरी राहून शुश्रूषा करणारी ‘होम हेल्थ एड’ अशी कामे शिकविली जाऊ लागली. कॅनडात अशा व्यक्तीस ‘पर्सनल सपोर्ट वर्कर’ म्हणतात. तेथे हा रीतसर अभ्यासक्रम आहे आणि प्रत्यक्ष रोग्यांजवळ काम केल्यावाचून तो पूर्ण होत नाही. शिकलेल्या माणसास आपली मर्यादाही कळते : इंजेक्शन आपण द्यावयाचे नाही, औषध आपल्या मनाने बदलावयाचे नाही, श्वास लागला किंवा तोंड वाकडे झाले तर क्षणही न दवडता डॉक्टरांकडे न्यावयाचे.

आणखी एक गोष्ट. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध माणसे पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा विसरतात आणि बालपणीच्या बोलीकडे वळतात. शहरातील फ्लॅटमध्ये एखादी आजी ‘नीरु, नीरु’ म्हणते आणि पाणी मागते आहे, हे शेजारी बसलेल्या बाईस उमगत नाही. आपल्या सीमाभागातील मुलीस मराठी, कन्नड आणि कामापुरती उर्दू सहज येते. हे भांडवल कोणत्याही वर्गात मिळावयाचे नाही.

मात्र चोवीस तास जागविणे आणि महिन्यातून एकही सुटी न देणे, याला कायक म्हणता येणार नाही. कायक करणाऱ्याच्या हाती त्याचे मोल पडलेच पाहिजे. सेवेच्या नावाखाली वेतन कापण्याची जी रीत पडली आहे, तिला या मठाच्या भक्तांनी तरी थारा देऊ नये.

माझी श्रीचरणी विनंती लहान आहे. दासोहाची पंगत उठल्यावर दुपारी मठाची एक खोली रिकामी असते. तेथे एखाद्या निवृत्त परिचारिकेने आठवड्यातून दोन दिवस सुना, मुली आणि मुलगेही यांना कूस बदलणे, अंग पुसणे आणि भरविणे हाताने करून दाखवावे. मुलगे मी मुद्दाम म्हणतो; अंगाने मोठा रोगी उचलण्याचा प्रसंग आला की, मीच बाहेर ओसरीवर जाऊन बसत असे. सरावासाठी खाट लागेल. वडिलांची लोखंडी खाट आमच्या माडीवर अजून आहे. आज्ञा झाल्यास ती उद्याच बैलगाडीने येथे पोचवितो.