घरातला खर्ज

कर्जतच्या वाटेवर कल्याणनंतरचे पहिले स्थानक विठ्ठलवाडी. तेथील आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागलेली. अशा घरात आम्ही सिनेमासाठी बलदंड सबवूफर आणला! सेकंदाला ४० कंपनांच्या खर्जाची लहर सुमारे ८.५ मीटर लांब. म्हणून ४.२५ मीटरच्या खोलीत तो भिंतींशी घुमतो, मधोमध विरतो. उपाय असा : पेटी आपल्या बैठकीवर ठेवावी आणि भिंतीकडेने रांगत ऐकावे. (वयाला शोभत नाही, खरे.) खर्ज जेथे सारखा वाटेल, तेथे पेटी. कोपऱ्यात ती नुसतीच अधिक गरजते. खाली रबर घातले. फरशीचा हादरा कमी झाला, पण हवेतला खर्ज भिंत ओलांडतोच. मग शेजारच्या आजींकडे जाऊन बसलो आणि त्यांच्या मांडणीवरची भांडी वाजेनाशी होईपर्यंत आवाज उतरवून घेतला.