संकल्पातली नदी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



पूजेच्या संकल्पात गुरुजी काळ सांगतात, तसे स्थळही सांगतात. महाराष्ट्रात ते स्थळ गोदावरीच्या दक्षिण किंवा उत्तर तीरावरून सांगतात. जुन्या माणसांचा नकाशा कागदावर नव्हता, तो असा तोंडपाठ होता.

ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला, प्रवरेकाठी पूर्ण झाली. तरीही ग्रंथाच्या शेवटी ठिकाण सांगितले आहे ते गोदावरीच्या दक्षिणेचे. महानुभावांच्या लीळाचरित्रात तर गोदावरीला सरळ ‘गंगा’ म्हटले आहे. चौदाव्या शतकातली स्थानपोथी चक्रधरस्वामींच्या स्थानांच्या दिशा नोंदवते; कोणते देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला, हे वाचून आजही वाट सापडते.

पुराणकारांनी नद्या सात कुलपर्वतांप्रमाणे वाटल्या. गोदावरी, भीमा, कृष्णा सह्याद्रीच्या लेकी. इ.स. १०३० च्या सुमारास अल्बिरुनीने पुराणांतल्या या याद्या आपल्या ग्रंथात उतरवून घेतल्या. उगमाच्या डोंगरावरून नदी ओळखायची, ही पद्धत आजच्या खोऱ्यांच्या हिशेबापासून फार दूर नाही. मात्र त्याच विद्वानांनी गौतम ऋषींची कथा सांगून गोदावरीचे नाते थेट गंगेशी जोडले. भूगोल आणि श्रद्धा यांत त्यांना भांडण दिसले नाही. त्र्यंबकेश्वरी उगम पावून १,४६५ कि.मी. वाहत पूर्वसमुद्राला मिळणारी नदी त्यांना दोन्ही अंगांनी ठाऊक होती.

आता आपले काय? बस्तरची इंद्रावती गोदावरीला मिळते. म्हणजे छत्तीसगडचेही पाणी गोदेत आहे. पण आपले खुर्सीपार त्या खोऱ्यात नाही. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ महानदीला मिळते आणि आपण राहतो शिवनाथच्या पूर्वेला. १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटली, त्या सुमारास आलेल्यांची नातवंडे आज या मंडपात आरतीला उभी आहेत. त्यांना गोदावरी पाठ असावी, यात वाद नाही. पण घरातल्या संकल्पात अजून फक्त गोदावरीचाच काठ असेल, तर मुलांना आपण कुठे राहतो ते कोण सांगणार?

जुन्यांनी जिथे राहिले तिथल्या पाण्यावरून आपला पत्ता सांगितला. परंपरा पाळायची तर ही रीत पाळू या. पुढच्या वर्षी गुरुजींना विनंती करू : गोदावरीचे स्मरण ठेवून शिवनाथचेही नाव घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!