चढा लावलेला षड्ज : मस्तिष्कस्तंभ आणि रक्तदाब
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत साहित्य आणि इतिहास यांच्या पंक्तीला आपण शरीरविज्ञानालाही बसवले, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषयाची मांडणी मी एका प्रश्नाला धरून करणार आहे. ‘मला काहीच त्रास होत नाही, मग रक्तदाबाची गोळी जन्मभर का घ्यायची?’ हा प्रश्न आपल्या लष्करात घरोघरी विचारला जातो. तो विचारणारा मनुष्य अडाणी नसतो. शरीर कुरकुरत नाही तोवर सारे ठीक, हा हिशेब पुष्कळ दुखण्यांत बरोबरही येतो. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र तो चुकतो, आणि का चुकतो याचे एक उत्तर मेंदूच्या बुंध्याशी आहे.

मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा बोटभर लांबीचा भाग म्हणजे मस्तिष्कस्तंभ. त्याच्या खालच्या टोकाला लंबमज्जा म्हणतात. श्वास, हृदयाची गती आणि रक्तदाब यांचा कारभार आपल्या नकळत येथून चालतो. मानेतून वर जाणारी रोहिणी जेथे दुभंगते तेथे, तसेच हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत, भिंतीचा ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. त्यांना दाबग्राही म्हणतात. दाब वाढून भिंत ताणली गेली की ही टोके लंबमज्जेकडे अधिक वेगाने संदेश पाठवू लागतात. तेथील चेतापेशींचा एक समूह ते संदेश स्वीकारतो आणि मधल्या दुसऱ्या समूहाकरवी, रक्तवाहिन्या आवळण्याची आज्ञा देणाऱ्या तिसऱ्या समूहाला आवर घालतो. वाहिन्या सैलावतात, हृदय मंदावते, दाब उतरतो. उलट, आपण अंथरुणातून उठून उभे राहिलो की दाब घसरू लागतो, संदेश विरळ होतात, आवर सुटतो आणि वाहिन्या आवळल्या जातात. उठताना बहुधा भोवळ येत नाही ती याच व्यवस्थेमुळे.

इतका दक्ष पहारा असताना रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला राहतोच कसा? १९५६ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मॅक्कबिन, ग्रीन आणि पेज या संशोधकांनी दीर्घकाळ उच्च रक्तदाब असलेल्या कुत्र्यांमधील दाबग्राहींच्या संदेशांचा अभ्यास केला. दाबग्राही निकामी झालेले नव्हते. त्यांनी आपली पातळीच वर सरकवली होती, आणि चढलेल्या दाबालाच नेहमीचा दाब मानून ते काम करीत होते.

कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली ज्या गावात शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, त्या गावात हे गाण्याच्या दाखल्याने सांगणे सोपे आहे. तंबोरा नेहमीपेक्षा दोन स्वर चढा लावला आणि तबला, पेटी सारे त्यालाच मिळवून घेतले, तर मैफलीत कोणीही बेसूर वाटत नाही. गळा मात्र ताणला जातो. उच्च रक्तदाबात षड्जच असा चढा लागलेला असतो. मस्तिष्कस्तंभाला त्यात काही वावगे वाटत नाही. हृदय, मूत्रपिंडे, डोळ्यांतील आणि मेंदूतील बारीक वाहिन्या मात्र तो ताण दिवसरात्र सोसत राहतात. प्रकृतीची तक्रार नसणे हा म्हणूनच निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

चेतासंदेशांच्या वाटेने रक्तदाब उतरवता येतो, हे जगाला शिकवण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीचा हा गुण प्रसिद्ध केला. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील आपले निरीक्षण १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिच्यातून रेसरपीन वेगळे करण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलीन या संदेशवाहक द्रव्याची जी साठवण असते, ती रेसरपीन रिकामी करते. आवळण्याची आज्ञा निघाली तरी ती वाहिनीपर्यंत पुरेशा जोराने पोहोचत नाही.

त्यानंतरचे क्लोनिडीन थेट मस्तिष्कस्तंभापर्यंत गेले. चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत तयार केलेले हे द्रव्य रक्तदाब उतरवते, असे अनपेक्षितपणे आढळले. लंबमज्जेतील चेतापेशींवर असलेल्या आल्फा-दोन नावाच्या ग्राहींना ते चेतवते आणि आवळण्याची आज्ञा मुळातच मंद होते. ते एकाएकी बंद केले तर मात्र दबलेले संदेश उसळून येतात आणि दाब पूर्वीहून वर जाऊ शकतो. गोळी आपल्या मनाने सोडू नये, असे वैद्य बजावतात, त्यामागे अशीही कारणे असतात.

सगळा दोष मस्तिष्कस्तंभावर टाकणे योग्य होणार नाही. मूत्रपिंडे, आहारातील मीठ, वाढते वजन, आनुवंशिकता आणि वय यांचाही त्यात हात असतो. आज प्रथम दिली जाणारी बहुतेक औषधे रक्तवाहिन्यांवर आणि मूत्रपिंडांवर काम करतात. मस्तिष्कस्तंभातून काम करणाऱ्यांपैकी मिथाइलडोपा गरोदरपणात आजही उपयोगी पडते. मुख्य गोष्ट अशी की, ज्या पहारेकऱ्याने धोक्याची घंटा वाजवायची त्यानेच आपले माप बदलले असेल, तर बाहेरचे माप वापरावे लागते. ते माप म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा. पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या उंचीवर टेकवून, निरनिराळ्या दिवशी घेतलेला दाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर बरे वाटत असले तरीही वैद्यांकडे जावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याची जाणीवच नसते. त्यात आपल्या वाचकवर्गातील मंडळीही असणार. म्हणून पदाधिकाऱ्यांना माझी एक नम्र सूचना आहे. महिन्यातील एका संध्याकाळी वाचनकक्षात रक्तदाब मोजण्याची सोय करावी. पुस्तक बदलायला आलेल्या वाचकाने पाच मिनिटे खुर्चीत स्वस्थ बसावे, आपला आकडा टिपून घ्यावा आणि मग पुस्तक घेऊन घरी जावे. शांत बसण्याची सवय या वास्तूत येणाऱ्यांना आधीपासूनच आहे.