अहवाल येईपर्यंतचे दिवस



दुखण्याचं नाव कळलं आहे, पण ते कुठवर पोचलं आहे हे अजून कळायचं आहे, अशी एक अवस्था असते. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, "गर्भपिशवीच्या अस्तरात कर्करोग दिसतो आहे. आणखी तपासण्या करू, त्यांचे अहवाल आले की पुढचं ठरवू." केसपेपर पिशवीत घालून बाई एस. टी. त बसते आणि घरी येते. मग आठ-पंधरा दिवस, कधी तीन-तीन आठवडे तिला काढायचे असतात. तालुक्याच्या गावी स्त्रियांचे रोग पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. ऑपरेशनपेक्षा हे मधले दिवसच जड गेले, असं मला कितीतरी जणींनी मागाहून सांगितलं आहे. आज बोलायचं आहे ते या मधल्या दिवसांविषयी.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे 'पिशवीचा कॅन्सर' या एकाच नावाखाली दोन निराळे रोग येतात. एक गर्भाशयाच्या मुखाचा आणि दुसरा पिशवीच्या आतल्या अस्तराचा. बार्शीला ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद १९८७ पासून ठेवली जाते, आणि खेड्यातल्या बायकांत मुखाचा रोग किती आढळतो हे तिथल्या नोंदींनी दाखवून दिलं. त्यामुळे कुणी 'पिशवीचा कॅन्सर' म्हटलं, की गावात जी आठवण निघते ती बहुधा मुखाचा रोग झालेल्या आणि फार उशिरा दवाखान्यात गेलेल्या एखाद्या बाईची असते.

अस्तराचा रोग वेगळा. तो बहुतेक करून पाळी गेल्यानंतरच्या वयात होतो. अंगात चरबी फार असली, मधुमेह असला, तर त्याचा संभव वाढतो. आणि त्याचा एक गुण असा (रोगाचा गुण म्हणणं विचित्र वाटेल, पण आहे खरा), की तो पुष्कळदा लवकर हाक देतो. पाळी जाऊन दोन-चार वर्षं झालेली असतात आणि अचानक पुन्हा अंगावर जायला लागतं. बाई दचकते आणि दवाखाना गाठते. म्हणून पुष्कळ वेळा हा रोग पिशवीच्या आतच असताना सापडतो, आणि तसा सापडला तर बहुसंख्य बायका बऱ्या होतात. सगळ्याच होतात असं मी म्हणणार नाही. पण शेजारच्या आळीतल्या बाईचं जे झालं तेच आपलं होणार, असं धरून चालण्याला काही आधार नाही.

तरीही मन ते धरून चालतंच. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपले लोक म्हणत आले ते उगीच नाही. दिवसा भाकऱ्या थापताना, गुरांचं करताना निभावून जातं. रात्री दिवा मालवला की हिशेब सुरू होतो. धाकटीचं लग्न व्हायचं आहे, सोसायटीचं कर्ज आहे, नातवाला कोण बघणार? मग पाठीत एखादी कळ आली तरी वाटतं, रोग पाठीत गेला. काही बायका रडतात. काही मुळीच रडत नाहीत, उलट घर सारवायला काढतात, डागिने कुणाला काय द्यायचे ते सांगू लागतात. काही चिडतात, आणि तो राग निघतो सुनेवर. यातलं काहीही वेडेपणाचं नाही. जिवाला घोर लागला की माणूस असंच वागतं. घरच्यांनी ते ओळखावं आणि चार दिवस उणं-अधिक मनावर घेऊ नये.

आता जरा नाजूक गोष्ट. माझ्या खोलीत असं वारंवार घडतं. बाईला बाहेर बाकावर बसवून मुलगा, दीर नाहीतर भाऊ आत येतो आणि हळूच म्हणतो, "बाई, आईला मात्र काही सांगू नका हं. ती हाय खाईल." त्यामागची माया मला दिसते. पण जिच्या शरीरातला तुकडा काढून तपासायला पाठवला, तिला काहीच कळत नसेल असं आपण कसं समजतो? ती आत आली की बोलणं थांबतं, लेक माहेरी न सांगता येऊन पोचते, मालक दोन-दोन दिवस नीट जेवत नाहीत. हे सगळं ती पाहत असते. खरं सांगितलं नाही, तर तिला जे कळतं ते खऱ्याहून भयंकर असतं, आणि वर ते एकटीनं वागवायचं. म्हणून माझं सांगणं असं, की तिला विचारावं, "तुला सगळं जाणून घ्यायचं आहे, की थोडंथोडं सांगू?" एखादी म्हणेल, "मला नको, तुम्हीच काय ते बघा." तेही चालेल. ठरवायचं तिनं.

हा रोग झाला म्हणून शरम वाटण्याचं कारण नाही, हेही घरात मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे. तो स्पर्शानं होत नाही. तिचं ताट निराळं करू नका, नातवंडाला तिच्या कुशीतून ओढू नका. कुणाच्या पापानं तो झालेला नाही. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनानं किंवा तांबी बसवल्यानंही झालेला नाही. पिशवी काढावी लागली तर बाईपण गेलं, ही समजूतही बाईच्या मनात फार खोल रुतलेली असते. पन्नाशीच्या बाईलाही त्याचं वाईट वाटतं. ते तिनं बोलून दाखवावं, आणि नवऱ्यानं ऐकावं. जिला अजून मूल हवं आहे तिचं दुःख तर आणखी मोठं. तिनं ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. रोग अगदी सुरुवातीचा आणि सौम्य असला, तर काही थोड्या जणींच्या बाबतीत औषधांवर काही काळ थांबता येतं.

आता आपण विचारतो तो प्रश्न. "इतके दिवस का लागतात? आमचा कागद कुठं पडून तर राहिला नाही ना?" तर तो तुकडा कुठं असतो ते सांगते. क्युरेटिंग करून काढलेला भाग प्रथम फॉर्मेलिन नावाच्या द्रवात ठेवतात, म्हणजे तो नासत नाही. त्यात तो निदान काही तास, बहुधा रात्रभर मुरावा लागतो. मग त्यातलं पाणी अल्कोहोलनं काढायचं आणि त्याच्या जागी वितळलेलं मेण भरायचं. मेणाची ती वडी थिजली, की यंत्रावर तिचे काप घेतात. काप किती पातळ? आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतका. तो काचेवर घेऊन रंगवतात. पेशीचा गाभा निळाजांभळा होतो, बाकीचा भाग गुलाबी. आणि मग तज्ज्ञ डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली ती काच पाहतात. कधी एवढ्यानं भागत नाही, आणखी खास रंग देऊन पाहावं लागतं, त्याला वर काही दिवस जातात. जादा तपासणी सांगितली म्हणजे रोग वाढला, असा अर्थ काढू नये. नेमकं औषध ठरवायला ती लागते.

मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, की तिथले डॉक्टर म्हणतात, "आधीच्या काचा आणि ब्लॉक घेऊन या." ब्लॉक म्हणजे तीच मेणाची वडी. लोक घाबरतात, 'पहिल्यांनी चुकीचं सांगितलं की काय?' तसं नव्हे. उपचार करणाऱ्यानं आपल्या डोळ्यांनी पुन्हा पाहून घ्यावं, ही चांगली रीतच आहे. आणि परळच्या टाटा हॉस्पिटलचं नाव निघालं तरी हातपाय गाळू नयेत. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय. 'टाटाला नेलं' हे शब्द आपल्या गावांत निकाल लागल्यासारखे उच्चारले जातात, पण तिथून बऱ्या होऊन गावी परतलेल्या बायका काही कमी नाहीत.

शिक्षक मंडळींशी आता दोन शब्द. गुरुजी, बाई, अहवाल येतो तो इंग्रजीत, आणि तो वाचून घ्यायला लोक तुमच्याकडेच येतात. तेव्हा एक काळजी घ्या. त्या कागदावर 'ग्रेड' असा शब्द असतो, आणि पुढे आकडा. ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. बिघडलेल्या पेशी मूळच्या पेशींपासून किती बदलल्या, हे ग्रेड सांगते. रोग कुठवर पसरला, हे स्टेज सांगते, आणि ती नक्की ठरते ती बहुधा ऑपरेशननंतर, काढलेली पिशवी तपासल्यावर. 'ग्रेड थ्री' वाचून 'तिसऱ्या स्टेजचा आहे' असं सांगितल्यामुळे एका घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती, हे मी पाहिलं आहे. रोग पिशवीतच होता. 'एंडोमेट्रिऑइड' हा शब्द दिसला, तर तो या रोगाचा नेहमी आढळणारा प्रकार, एवढंच समजावं. जे लिहिलं आहे ते वाचा. जे लिहिलेलं नाही ते मोबाईलवर शोधून जोडू नका. आणि अर्थ डॉक्टरांनाच विचारायला सांगा.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर सांगते, रात्री अंथरुणात पडून अमुक काढ्यानं गाठ विरघळली असली चित्रं पाहत बसू नये. झोप जाते, आणि कधी पैसेही जातात. नवस बोलायचा तर जरूर बोला, वारीला जाऊन या. पण तपासणीची तारीख चुकवू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्यांसाठी दोन-तीन आठवडे गेले, तर एवढ्यानं या रोगात सहसा फरक पडत नाही. मात्र सुगी होऊ द्या, दिवाळी होऊ द्या करत महिने घालवले तर पडतो.

मग या दिवसांत करायचं काय? हाताला काम हवं, आणि ते उपयोगाचं हवं. फार अंगावर गेलं असेल तर रक्त कमी झालेलं असतं. ते तपासून घ्यावं, सांगितलेल्या गोळ्या घ्याव्यात, पालेभाजी, डाळ, उसळ, खात असाल तर अंडी, असं पोटभर जेवावं. साखर आणि रक्तदाब ताब्यात आणावा. ऑपरेशनला याचा थेट उपयोग होतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड काढून एका पिशवीत ठेवावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते त्या योजनेच्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. २०२३ पासून एस. टी. त बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा एक बाई सोबत नेणं तितकंसं महाग पडत नाही. माहेरी कुणाला आतड्याचा किंवा पिशवीचा कर्करोग झाला होता का, हे थोरल्यांना विचारून ठेवावं. थोड्या घराण्यांत तो वारशानं येतो, आणि तसं असलं तर लेकी-बहिणींनीही तपासून घ्यावं लागतं.

आणि बोलावं. सगळ्या गावाशी नको. भेटायला येणाऱ्या बायका आपापल्या ओळखीतल्या मयतांच्या कथा घेऊन येतात, त्यांना सुनेनं चहा द्यावा आणि ओसरीवरूनच वाटेला लावावं. पण एक माणूस असं हवं, की जिच्यापुढे रडलं तरी चालेल. तिनं "काही होत नाही गं" म्हणू नये. ते तिला तरी कुठं ठाऊक आहे? "मंगळवारी मी तुझ्याबरोबर येते," एवढं म्हणावं. बार्शीच्या भागात नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांशी या रोगांविषयी उघड बोलू लागले, तेव्हा गर्भाशयमुखाचा रोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. बोलण्यानं एवढं होतं.

कुणीच जवळ नसेल, रात्र-रात्र झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस दूरध्वनी आहे. २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि काही गोष्टींत अहवालाची वाट मुळीच पाहू नये. तासाला एक घडी भिजेल इतकं अंगावर जायला लागलं, चक्कर येऊन पडायला झालं, ताप आला, घाण वास येऊ लागला किंवा पोटात असह्य दुखू लागलं, तर १०८ ला फोन करावा आणि तडक दवाखाना गाठावा.

अहवालाच्या दिवशी काय करायचं, तेही आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. डॉक्टरांपुढे गेलं की निम्मं विसरायला होतं. म्हणून नातवाच्या वहीचा एक कागद घ्यायचा आणि त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं. रोग पिशवीबाहेर गेला आहे का? ऑपरेशन कोणतं, आणि कधी? त्यानंतर किरणांचा उपचार किंवा सलाईनमधून औषध लागेल का? शेतात कधीपासून जाता येईल? उत्तरं सोबतच्या बाईनं लिहून घ्यावीत. न कळलेलं पुन्हा विचारावं. डॉक्टर घाईत असले तरी विचारावं. आणि मूळ अहवालाच्या दोन झेरॉक्स काढून, मूळ कागद रेशनकार्डाच्या त्याच पिशवीत परत ठेवावा.